देयधम्म : जुन्नर नगरी आणि तिचे दाते

जुन्नर हे नाव उच्चारताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम शिवनेरी उभा राहतो, आणि ते स्वाभाविकच आहे. १९ फेब्रुवारी १६३० रोजी या गडावर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. त्यानंतर लेण्याद्रीचा गिरिजात्मज आठवतो, नाणेघाट आठवतो. परंतु नगराचा इतिहास म्हणजे केवळ गडांचा, देवस्थानांचा आणि राजघराण्यांचा इतिहास नव्हे. नगरात माणसे राहतात. ती धान्य विकतात, भांडी घडवितात, टोपल्या विणतात, पाणी भरतात. या माणसांचा इतिहास बहुधा लिहिला जात नाही. जुन्नरचे भाग्य असे, की येथे तो लिहिला गेला आहे, आणि तोही दगडावर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या नगरीत कोण राहत होते, त्यांनी एकत्र मिळून काय उभे केले आणि त्यातून आज आपण काय शिकावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

डोंगरांच्या कुशीतील नगर

पुण्याच्या उत्तरेस सुमारे नव्वद किलोमीटरवर, कुकडी नदीच्या खोऱ्यात जुन्नर वसले आहे. नगराशेजारी पश्चिमेस शिवनेरी, त्याच्या पलीकडे तुळजा लेण्यांचा डोंगर, दक्षिणेस मानमोडी आणि उत्तरेस नदीपलीकडे लेण्याद्री असा डोंगरांचा वेढा आहे. या डोंगरांत लहानमोठी मिळून दोनशेच्या आसपास खोदकामे आहेत. एका नगराभोवती इतकी लेणी भारतात अन्यत्र क्वचितच आढळतील. त्यांचा काळ स्थूलमानाने इसवी सनपूर्व पहिले शतक ते इसवी सनाचे तिसरे शतक असा मानला जातो.

इतकी लेणी येथेच का, या प्रश्नाचे उत्तर नाणेघाटात मिळते. कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल घाटमाथ्यावर येई तो याच वाटेने. घाट चढून आलेल्या तांड्याला पहिली मोठी बाजारपेठ मिळे ती जुन्नरची. घाटाच्या तोंडाशी आजही एक भला मोठा दगडी रांजण आहे. जकातीचे नाणे त्यात टाकीत असत, असे परंपरा सांगते. घाटातील गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख कोरलेला आहे. राजघराण्याने केलेले यज्ञ आणि त्या वेळी दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण यांची मोजदाद त्यात आहे. ही मोजदाद अंकांत लिहिलेली असल्यामुळे भारतीय अंकलेखनाच्या अभ्यासातही या लेखाला मोठे स्थान आहे.

घाटात राजाचे दान कोरलेले आहे. नगराभोवतीच्या डोंगरांत मात्र प्रजेचे. जुन्नरच्या लेण्यांतील तीसहून अधिक लेखांत राजपुरुष जवळजवळ नाहीतच. ठळक अपवाद एकच. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य, वत्सगोत्री अयम, याने सेहेचाळिसाव्या वर्षी एक मंडप आणि पाण्याचे टाके दिल्याचे मानमोडीवरील लेखात नमूद आहे. बाकीचे दाते नगरातील आणि नगराशी व्यवहार असलेले सामान्यजन आहेत.

दगडावरील शब्द आणि आपल्या तोंडचे शब्द

हे लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहेत. मधल्या काळात ही लिपी वाचणारे कोणी उरले नव्हते. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मीची उकल केली आणि मुके झालेले दगड पुन्हा बोलू लागले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी पश्चिम भारतातील लेण्यांतील लेखांचे वाचन १८८१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यात जुन्नरचे लेखही आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, ही भाषा आपल्याला वाटते तितकी परकी नाही. लेखात ‘लेण’ असा शब्द येतो. आपण आजही ‘लेणे’ म्हणतो. खोलीला ‘गभ’ म्हटले आहे. आपल्या ‘गाभा’ आणि ‘गाभारा’ या शब्दांशी त्याचे नाते उघड आहे. चैत्यगृहाला ‘चेतियघर’ म्हटले आहे, आणि त्यातले ‘घर’ तर जसेच्या तसे आपल्या तोंडी आहे. पाण्याच्या टाक्याला ‘पोढि’ हा शब्द आहे. लेण्यांचे अभ्यासक मराठीत त्याला पोढीच म्हणतात. एका लेखात दोन टाक्यांसाठी ‘बे पोढियो’ असे शब्द आहेत. पाढे म्हणताना आपण ‘बे एके बे’ म्हणतो, त्यातलाच हा ‘बे’ होय.

जवळजवळ प्रत्येक लेखात एक शब्द पुन्हा पुन्हा भेटतो, तो म्हणजे ‘देयधम’, अर्थात देयधर्म, धर्म म्हणून दिलेले दान. लेखाची घडण साधी असते. देणाऱ्याचे नाव, त्याचे गाव किंवा पित्याचे नाव, व्यवसाय, आणि त्याने काय दिले, इतकेच. राजस्तुती नाही, अलंकार नाहीत. एका ओळीत एक माणूस आपल्यापुढे उभा राहतो.

दाते कोण होते

शिवनेरीवरील चैत्यगृह वीरसेनक नावाच्या गृहपतिप्रमुखाने दिले. सर्व लोकांच्या हितासाठी आणि सुखासाठी आपण हे देत आहोत, असे त्याने लेखात नोंदविले आहे. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचे दान आहे. कल्याणच्याच संघकाने पाण्याचे टाके खोदविले. भरुकच्छ म्हणजे आजचे भडोच. तेथील बुद्धमित्र आणि बुद्धरक्षित या दोघा भावांनी दोन खोल्यांचे लेणे दिले. कोकणच्या आणि गुजरातच्या बंदरांशी जुन्नरचा व्यवहार किती घनिष्ठ होता, हे या गावांच्या नावांवरूनच कळते.

त्याहून दूरचे लोकही येथे आहेत. जुन्नरच्या तीन लेखांतील दाते स्वतःला ‘यवन’ म्हणवितात. ग्रीक आणि पश्चिमेकडील इतर परकीयांसाठी त्या काळी हा शब्द वापरीत असत. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी दिल्या. चिट नावाच्या यवनाने संघासाठी ‘भोजनमटप’ म्हणजे भोजनमंडप दिला. चंद नावाच्या यवनाने मानमोडीवरील एका लेण्याचे दर्शनी मुख कोरविले. समुद्रापलीकडून आलेल्या माणसांनी या नगरीत काय मागे ठेवले, तर पाणी पिण्याची जागा, एकत्र जेवण्याची जागा आणि एक सुंदर दार.

आता नगरातील कारागिरांकडे वळू. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि टाके दिले. बांबूकाम करणारे आणि काशाची भांडी करणारे यांच्या श्रेण्यांचा उल्लेख दुसऱ्या एका लेखात आहे. नगरात धम्मुत्तरीय निकायाच्या भिक्षुणींचा उपाश्रय होता आणि त्याच्या निर्वाहाची व्यवस्था एका दात्याने लावून दिली होती, हेही लेखावरून कळते. म्हणजे संसार सोडून अध्ययन आणि साधना करणाऱ्या स्त्रियांसाठी या नगरीत हक्काचे छप्पर होते, आणि ते नगरातच होते.

तुळजा लेण्यांतील गोलाकार चैत्यगृह पाहिले म्हणजे या लोकांची अभिरुची ध्यानात येते. मधोमध स्तूप आणि त्याभोवती बारा अष्टकोनी स्तंभांचे कडे, एवढीच रचना. त्या काळाच्या रीतीप्रमाणे मूळ खोदकामात बुद्धमूर्ती नाही. स्तूप हेच वंदनीय स्थान. विहारांतील खोल्या तर त्याहून साध्या आहेत. चार भिंती, एक दगडी ओटा, एक दार. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला या खोलीचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पावसाळ्याचे महिने भिक्षूंनी एका ठिकाणी राहावे, असा वर्षावासाचा नियम होता. सह्याद्रीच्या माथ्यावरील पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा नियम किती शहाणपणाचा होता हे सहज पटेल.

दान टिकते कसे

एखादे टाके खोदून देणे एक वेळ सोपे. ते वर्षानुवर्षे स्वच्छ राहील, संघाला वस्त्रे मिळत राहतील, अशी व्यवस्था करणे कठीण. माणूस मरतो, त्याची मुले विसरतात. यावर त्या काळच्या लोकांनी काढलेला उपाय म्हणजे श्रेणी. एका व्यवसायातील लोकांची ही संघटना. दाता आपली रक्कम किंवा शेत श्रेणीकडे कायमची ठेव म्हणून सोपवी. मूळ ठेवीला हात लावावयाचा नाही. तिच्या उत्पन्नातून ठरलेले काम करावयाचे. व्यक्ती जाते, श्रेणी राहते, हा त्यामागील विश्वास.

हा हिशेब नाशिकच्या पांडवलेण्यांतील एका लेखात फार स्पष्ट दिसतो. नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण ठेवले. व्याज दरमहा शेकडा एक. म्हणजे महिन्याला २० आणि वर्षाला २४० कार्षापण. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे होते. वीस गुणिले बारा म्हणजे २४०. हिशेब तंतोतंत जुळतो. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे गणित आज सहावीचा विद्यार्थीही सोडवू शकेल. परंतु त्यातील विश्वास सोडविण्यासाठी मोठे मन लागते. विणकरांची संघटना पिढ्यान्‌पिढ्या प्रामाणिकपणे व्याज देत राहील, असे लोकांनी गृहीत धरले होते.

जुन्नरमध्येही अशीच व्यवस्था होती. मानमोडीवरील अंबा-अंबिका गटातील अपूर्ण चैत्यगृहात या प्रकारचे अनेक लेख आहेत. त्यांपैकी एकात कोणाचिक नावाच्या श्रेणीचा उल्लेख असून आडुथुम नावाच्या उपासकाने एका गावी वीस आणि दुसऱ्या गावी नऊ निवर्तने जमीन दिल्याचे म्हटले आहे. पहिल्या जमिनीच्या संदर्भात करंज आणि दुसरीच्या संदर्भात वड या वृक्षांचा निर्देश आहे. त्या झाडांजवळची शेते, असा अर्थ काही अभ्यासक करतात. ती झाडे लावण्यासाठी दिलेली शेते, असा अर्थ दुसरे काही करतात. कोणताही अर्थ स्वीकारला, तरी करंज आणि वड ही झाडे या नगरीच्या कागदोपत्री, नव्हे दगडोपत्री, नोंदविली गेली आहेत, हे विशेषच म्हटले पाहिजे.

पुढील शतकांतील जुन्नर

तिसऱ्या शतकानंतर येथील खोदकाम मंदावले. लेणी मात्र गावापासून तुटली नाहीत. लेण्याद्रीच्या मोठ्या विहारात गिरिजात्मजाची स्थापना झाली आणि ते अष्टविनायकांतील एक स्थान बनले. तुळजा लेण्यांना देवीचे नाव मिळाले. नगराचे महत्त्वही टिकून राहिले. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी विकण्यासाठी एक घोडा घेऊन जुन्नरला आला आणि पावसामुळे येथे अडकून पडला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल असतो, असे त्याने आपल्या वृत्तान्तात लिहून ठेवले आहे. त्याच शतकाच्या अखेरीस मलिक अहमदाने निजामशाहीचा पाया घातला तो जुन्नरला राहूनच. पुढे मलिक अंबरच्या काळातही काही वर्षे निजामशाहीची राजधानी येथे होती.

या नगरीचा आणखी एक सांस्कृतिक ठेवा म्हणजे जुन्नरी कागद. येथील कागदी समाजाचे कारागीर चिंध्या आणि ताग कुटून लगदा करीत, तो पाण्यात कालवून जाळीवर पातळ उचलीत, वाळवीत आणि गुळगुळीत दगडाने घोटून कागद तयार करीत. मराठी दफ्तरांत हा कागद वापरला जाई. ज्या नगरीने दगडावर लिहिले, तिनेच पुढे लिहिणाऱ्यांना कागद पुरविला.

एकोणिसाव्या शतकात सावकारी पाशात अडकलेल्या शेतकऱ्यांनी आणि डोंगरातील आदिवासींनी या भागात वारंवार विरोधाचा आवाज उठविला. १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाला जुन्नर तालुक्यात उत्तम प्रतिसाद मिळाला. १८८४ च्या सुमारास ओतूर परिसरात पुरोहितावाचून विवाह लावले गेले आणि ग्रामजोशांनी आपल्या हक्कासाठी न्यायालयाची पायरी चढली. आपला विधी आपण करू शकतो, आपले ज्ञान आपण मिळवू शकतो, हा आग्रह त्या शेतकऱ्यांनी धरला. कासार, बुरूड यांना स्वतःचे नाव असलेल्या प्राचीन नगरीच्या परिसरातच हे घडावे, यात औचित्य आहे.

आंबेगाव : नाव नसलेले देणे

येथवर आपण देणाऱ्यांची नावे वाचली. आता शेजारच्या आंबेगाव तालुक्यात जाऊ आणि एक वेगळा प्रश्न स्वतःला विचारू.

आंबेगाव तालुका आहे. परंतु ज्या गावावरून त्याला नाव मिळाले, ते जुने आंबेगाव आज पाण्याखाली आहे. तालुक्याचे ठाणे घोडेगावला आहे. घोड नदीवर डिंभे येथे धरण झाले आणि त्याच्या जलाशयात जुने आंबेगाव व खोऱ्यातील इतर गावांच्या जमिनी गेल्या. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की जुन्या वस्तीच्या खुणा उघड्या पडतात. डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज आणि पिंपळगाव जोगे या पाच धरणांचा मिळून कुकडी प्रकल्प झाला. त्याचे पाणी जुन्नर-आंबेगावापुरते थांबत नाही. शिरूर, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, करमाळा अशा पूर्वेकडील अवर्षणग्रस्त तालुक्यांपर्यंत जाते. नारायणगावच्या टोमॅटोला, जुन्नरच्या द्राक्षांना आणि उसाला या पाण्याने समृद्धी दिली. हा लाभ खरा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही.

डिंभे जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिलेले आहे. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ येथे जन्मलेला हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी कापडाची गाडी अडविताना चिरडला गेला. एका श्रमिकाचे नाव जलाशयाला लाभावे, हे उचितच झाले. परंतु ज्यांची घरे आणि भातखाचरे त्या पाण्याखाली गेली, त्या महादेव कोळी आणि इतर कुटुंबांची नावे आपण कोठे वाचतो? दोन पोढी देणाऱ्या इरिलाचे नाव दोन हजार वर्षांनंतर आपल्याला पाठ आहे. संपूर्ण खोरे देणाऱ्यांचे एकही नाव आपल्याला सांगता येत नाही.

येथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. इरिलाने जे दिले, ते स्वेच्छेने दिले. डिंभ्याच्या खोऱ्यातील माणसांनी दिले असे आपण म्हणतो. वस्तुतः ते त्यांच्याकडून घेतले गेले. पंचशीलातील दुसरे शील न दिलेले न घेण्याचे आहे. आपण ते केवळ चोरीपुरते मर्यादित समजतो. एखाद्या समाजाने दुसऱ्याच्या जमिनीवर, श्रमावर आणि दुःखावर आपले सुख उभारावे आणि त्याची आठवणही ठेवू नये, हे या शीलाच्या कक्षेत येत नाही काय? या प्रश्नाचा विचार प्रत्येकाने स्वतः करावा. खोऱ्यातील लोक मात्र नुसते हळहळत बसले नाहीत. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीत पिके घेण्याचा, जलाशयात सहकारी पद्धतीने मासेमारी करण्याचा मार्ग त्यांनी संघटित होऊन शोधला. जुन्या श्रेणींचा धागा असा नव्या रूपात पुढे आलेला दिसतो.

आपला देयधम्म

जुन्नरच्या लेखांवर आज दोन संकटे आहेत. एक काळाचे, ऊन, पाऊस आणि झिरपणारे पाणी यांनी अक्षरे झिजत आहेत. दुसरे माणसाचे, लेणी पाहावयास येणारे काही जण भिंतींवर स्वतःची नावे कोरतात. ज्या भिंतीवर नाव कोरण्यासाठी पूर्वजांनी आधी टाके खोदविले, मंडप उभारला, शेत दिले, त्या भिंतीवर काहीही न देता नाव कोरणे यासारखे दारिद्र्य नाही. पूर्वी नाव दानाच्या मागून येत असे. हा क्रम आपण उलटा करू नये.

मानवी समूह एकत्र कशाने राहतो, याचे उत्तर या नगरीने सोप्या शब्दांत दिले आहे. पिण्याचे पाणी, एकत्र भोजनाची जागा, अध्ययनाची खोली, झाडाची सावली, आणि या सर्वांची काळजी वाहणारी विश्वासू संघटना. यांतील कोणतीही वस्तू एकट्याच्या मालकीची नव्हती, म्हणूनच तिचे मोल टिकले. निवासी विद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींना यांपैकी प्रत्येक गोष्ट रोज मिळते, आणि प्रत्येक गोष्ट कोणीतरी दिलेली असते. त्या देणाऱ्याचे नाव विचारणे हा इतिहासाच्या अभ्यासाचा प्रारंभ होय. आणि आपल्या हातून पुढच्यांसाठी काय देण्यासारखे घडेल, हा त्या अभ्यासाचा उद्देश होय.

अभ्यासासाठी

१. ब्राह्मी वर्णमाला शिका आणि तीत आपले नाव वहीत लिहा, भिंतीवर नव्हे. ‘पोढि’, ‘लेण’, ‘गभ’ आणि ‘देयधम’ हे शब्दही ब्राह्मीत लिहून पाहा.

२. आपल्या गावातील एखादी विहीर, धर्मशाळा, शाळेची खोली किंवा जुने झाड निवडा. ते कोणी दिले, कोणी बांधले, कोणी लावले, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढा. बांधणाऱ्या गवंड्याचे आणि पाणी वाहणाऱ्या बाईचे नाव मिळाल्यास तेही लिहा.

३. श्रेणीकडे ठेवलेल्या १००० कार्षापणांवर दरमहा शेकडा पाऊण टक्का व्याज असेल, तर वर्षाचे व्याज किती? एवढ्या रकमेतून आपल्या वसतिगृहासाठी कायमची अशी कोणती सोय करता येईल, याची चर्चा करा.

४. आपल्या कुटुंबात किंवा परिचयात धरणामुळे गाव सोडावे लागलेले कोणी असेल, तर त्यांच्या जुन्या घराचे, शेताचे आणि शेजाऱ्यांचे वर्णन त्यांच्याच शब्दांत नोंदवा. ही नोंद जपून ठेवा.